सरकारी गाडीने नियम मोडला तर तक्रार कशी तडीस न्यावी

अधिकाऱ्यांना वाहतुकीचे नियम लागू व्हावेत का, यावर हिंगोलीच्या इंदिरा गांधी चौकात कितीही वाद झडो, कायद्यात तो वाद शिल्लक नाही. तहसीलदार, ठाणेदार किंवा आमदार या पदासाठी सीटबेल्टची किंवा सिग्नलची सूट मोटार वाहन कायद्यात कुठेही दिलेली नाही. उलट १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेलं कलम २१०-ब सांगतं की, हा कायदा राबवण्याचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच तो मोडला, तर दंड दुप्पट. त्याच महिन्यात दिल्लीच्या वाहतूक पोलिसांनी आपल्या कर्मचाऱ्यांना परिपत्रक काढून याची जाणीव करून दिली. हे कलम पोलीस आणि आरटीओ यांच्यासाठी आहे. गटविकास अधिकाऱ्यांच्या गाडीला नेहमीचाच दंड. तक्रार लिहिताना हा फरक सांभाळा. एक चुकीचं कलम पडलं की अख्खा कागद बाजूला सारायला निमित्त मिळतं.

सुरुवात नोंदीपासून. गाडीचा पूर्ण क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण आणि नेमकं काय घडलं, एवढं लगेच वहीत उतरवा. ठिकाण मोघम नको. ‘नांदेड नाक्याजवळ, कळमनुरीकडे जाताना’ असं लिहा. फोटोत नंबरप्लेट आणि चूक दोन्ही एकत्र दिसायला हव्यात. स्वतः गाडी चालवताना फोटो काढू नका, मागे बसलेल्याला काढू द्या. गाडीचा पाठलाग तर मुळीच नको. जिवाला धोका होईल अशी गाडी चालत असेल, तर आधी ११२ लावा, कागद नंतर.

मग चाळणी लावा. तातडीच्या कामावर निघालेली रुग्णवाहिका, अग्निशमन दल किंवा पोलिसांची गाडी यांना रस्त्यात अग्रक्रम असतो, त्यांच्यामागे लागू नका. शासनाच्या मालकीच्या गाडीला विम्याच्या सक्तीतूनही कायद्याने मोकळीक दिली आहे, म्हणून ‘विमा नाही’ ही तक्रार बहुधा टिकणार नाही. टिकतील अशा गोष्टी वेगळ्या: सीटबेल्ट नसणं, चालवताना मोबाइल, उलट दिशेने गाडी घालणं, काळ्या फिल्मच्या काचा (सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यांना मनाई केली), आणि अधिकाऱ्याच्या गाडीवरचा दिवा. मंत्र्यांसकट सगळ्यांचे दिवे १ मे २०१७ पासून उतरले, आता ते फक्त तातडीच्या सेवांना आहेत.

एक प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो आणि कोणी त्याकडे बोट दाखवत नाही. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी कार्यालयाने भाड्याने लावलेली असते आणि समोर ‘महाराष्ट्र शासन’ची पाटी. भाड्याने चालणाऱ्या गाडीला परवाना आणि पिवळी प्लेट लागते. विनापरवाना चालवली तर कलम १९२-अ खाली दहा हजारांचा दंड आहे. अशी गाडी दिसली तर ती कोणाच्या मालकीची, कोणत्या करारावर, हे विचारा. २०२४ च्या जुलैत प्रशिक्षणार्थी सनदी अधिकारी पूजा खेडकर यांची पुण्याहून आपल्या शेजारच्या वाशिमला बदली झाली, तेव्हा त्या वापरत असलेली ऑडी राज्यभर गाजली. गाडी खासगी कंपनीच्या नावावर, तिच्यावर दिवा आणि शासनाची पाटी, आणि एकवीस चलनं थकलेली. ती चलनं एका दिवसात साठली नव्हती. वसूल करायला कोणी पुढे आलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता तक्रार. महाट्रॅफिक ॲपवर नागरिकाला फोटोसह नियमभंग कळवता येतो, तिथे आधी टाका. पण त्यावर थांबू नका. साध्या कागदावर पोलीस अधीक्षक, हिंगोली यांच्या नावे अर्ज लिहा आणि प्रत गाडी ज्या कार्यालयाची आहे त्याच्या वरिष्ठांना द्या. तहसीलची गाडी असेल तर जिल्हाधिकारी, पंचायत समितीची असेल तर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. गाडी पोलिसांचीच असेल, तर प्रत नांदेड परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांना पाठवा. अर्ज आवक-जावक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोहोच नसेल तर तो अर्ज दिलाच नव्हता असं धरा. सेनगाव किंवा वसमतहून येणं जमत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. लोकशाही दिनाकडे हा विषय नेऊ नका, तिथे वैयक्तिक स्वरूपाचीच गाऱ्हाणी घेतात.

तीसेक दिवस वाट पाहून माहिती अधिकाराचा अर्ज करा. ही पायरी टाळता येत नाही. ई-चलनाच्या संकेतस्थळावर कोणत्याही गाडीचा दंड पाहायला चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक लागतात, आणि ते आपल्याला सरकारी गाडीचे कुठून मिळणार? जोडपत्र ‘अ’चा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, ही महाराष्ट्राच्या नियमांची चौकट. गाडी वापरणाऱ्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला असं विचारा:

‘वाहन क्र. एमएच-३८ … या वाहनावर दि. … ते दि. … या काळात झालेल्या ई-चलनांची यादी, भरलेल्या व थकीत दंडाची रक्कम, दंड कोणत्या लेखाशीर्षातून भरला किंवा कोणाकडून वसूल केला, दि. … रोजीच्या लॉगबुकच्या पानाची प्रत.’

कोणाचं नाव, पत्ता किंवा पगार विचारू नका. प्रश्न गाडीचा आणि सार्वजनिक पैशाचा ठेवा, म्हणजे ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं अवघड जातं.

लॉगबुकचं पान मुद्दाम मागायचं. पगाराला तोलून पाहिलं तर चलनाचा चटका बसतो चालकाला, आणि ‘दाब, उशीर होतोय’ असं म्हणणारे साहेब मागच्या सीटवर मोकळे राहतात. मला या सगळ्यात हा अन्याय सर्वांत जास्त टोचतो. कायदा त्यांना मोकळं सोडत नाही. कलम १८३ प्रमाणे नोकरीत असलेल्या चालकाला वेगमर्यादा ओलांडायला लावणाराही दोषी ठरतो, आणि धोकादायक गाडी चालवायला चिथावणी देणाऱ्याला कलम १८८ खाली तीच शिक्षा आहे. पोलिसांनी मागणी केली तर गाडीचा मालक, म्हणजे इथे कार्यालय, चालकाचं नाव सांगायला कलम १३३ ने बांधलेला आहे. गाडीत कोण होतं, कशासाठी चाललं होतं, हे लॉगबुकच दाखवतं. मागच्या सीटच्या पट्ट्याबद्दलही लिहा. ३ जून २०१४ ला दिल्लीत झालेल्या अपघातात मरण पावलेले मराठवाड्याचे नेते गोपीनाथ मुंडे मागच्या सीटवर होते. पट्टा लावला असता तर जीव वाचू शकला असता, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. मराठवाड्याने या सवयीची किंमत मोजलेली आहे.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे वीस रुपयांच्या स्टॅम्पसह अपील करा. तिथेही निराशा झाली तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरं अपील. खंडपीठाकडे वेळ लागतो. तोवर मूळ तक्रारीचं स्मरणपत्र दर महिन्याला, जुना आवक क्रमांक घालून, देत राहा.

उत्तरात दंड सरकारी तिजोरीतून भरल्याचं दिसलं, तर कार्यालयप्रमुखाला आणखी एक पत्र लिहा: ही रक्कम जबाबदार व्यक्तीकडून वसूल करावी, आणि ती चालकाच्या एकट्याच्या पगारातून कापण्याआधी त्या दिवशीचं लॉगबुक पाहावं. या पत्राचीही पोहोच घ्या.