पूडलचे केस घरी कापायचे? आधी हिशेब मांडा

पहिल्या वर्षी एक रुपयाही वाचत नाही, हे आधीच सांगून टाकते. घरात टॉय पूडल, माल्टिपू किंवा असंच कुरळ्या केसांचं लहान कुत्रं असेल आणि सलूनचा खर्च वाचवायला तुम्ही आज क्लिपर मागवणार असाल, तर थोडं थांबा. घरच्या ग्रूमिंगमध्ये पैसे वाचतात, पण दुसऱ्या वर्षापासून. तेही रोज विंचरणार असाल तरच.

या कुत्र्यांचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात. लॅब्रॅडॉरसारखे ते सोफाभर पडत नाहीत, म्हणून लोकांना सोयीचे वाटतात. पण गळलेला केस कुरळ्यांतच अडकतो, शेजारच्या केसाला पीळ घालतो आणि त्याचा गुंता होतो. गुंत्याची गाठ होते आणि गाठीची जट. 2009 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार, कुत्र्यांच्या केसांचे बहुतेक प्रकार अवघ्या तीन जनुकांच्या जुळणीतून ठरतात. कुरळेपणाचं जनुक त्यांतलंच एक. म्हणजे हा गुंता जन्माचा आहे, एखाद्या महागड्या शाम्पूने तो जाणार नाही.

आता मुंबईतला हिशेब. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरकडे लहान कुत्र्याच्या आंघोळ, केस, नखं, कान अशा पूर्ण ग्रूमिंगला साधारण 1,200 ते 1,800 रुपये पडतात. अंधेरी पश्चिमेला, विशेषतः लोखंडवाला-वर्सोवा भागात, 2,000 च्या वर सहज जातात. घरी येणारे ग्रूमर येण्याजाण्याचे वेगळे घेतात. जटा असतील तर त्या सोडवण्याचे 300 ते 800 वेगळे. फोनवर दर विचारताना हेच विचारायचं राहून जातं. दर सहा आठवड्यांनी एक फेरी धरली तर वर्षाला नऊ फेऱ्या. एका फेरीचे 1,500 धरले तरी 13,500 रुपये झाले.

घरचं सामान असं: स्लिकर ब्रश 600, दोन अंतरांच्या दातांचा स्टीलचा कंगवा 400, नखं कापायचं कटर 300, बोथट टोकाची कात्री 400, पाणी शोषणारे दोन टॉवेल 400. झाले 2,100. बरा, कमी आवाजाचा क्लिपर 4,500 च्या आसपास. वर्षभराचा शाम्पू, कंडिशनर आणि कान पुसायचं औषध मिळून 2,400. एकूण 9,000. यात मी पहिल्या वर्षाच्या सलूनच्या चार फेऱ्याही धरते, त्यांचे 6,000. म्हणजे पहिलं वर्ष 15,000, सलूनपेक्षा दीड हजार जास्तच. दुसऱ्या वर्षी मात्र 2,400 आणि नव्या ब्लेडचे हजार एवढंच. दहा हजार रुपये वाचतात.

त्या चार फेऱ्या का? शिकण्यासाठी. ग्रूमरला आधी विचारून शेजारी उभे राहा आणि पंजाच्या गाद्यांमधले केस तो कसे काढतो, डोळ्यांच्या कोपऱ्यात कात्री कुठल्या दिशेने धरतो, ते बघा. बघू न देणाऱ्या ठिकाणी कुत्रं सोडू नका. कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवून केस गरम हवेने वाळवतात का आणि गुंगीचं औषध देतात का, हेही विचारा. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच यायला हवं. गुंगीचं औषध फक्त पशुवैद्याने द्यायचं.

हजारो रुपयांचा ब्लोअर मी यादीत मुद्दाम घातलेला नाही. वन बीएचकेत त्याच्या आवाजाला कुत्रंही घाबरतं आणि शेजारीही वैतागतात. घरातला हेअर ड्रायर अगदी कमी उष्णतेवर ठेवा आणि वारा सतत आपल्या दुसऱ्या हातावर घेत केस वाळवा, तेवढं पुरतं.

सगळा खेळ विंचरण्याचा आहे, आणि तिथेच बहुतेकांची चूक होते. आपण वरवर ब्रश फिरवतो. वरचे केस कापसासारखे फुलतात, आणि खाली कातडीला चिकटून नमद्यासारखा थर तयार होत राहतो. म्हणून भांग पाडून विंचरायचं. डाव्या हाताने केस वर धरायचे, कातडीची पांढरी रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून टोकापर्यंत आधी ब्रश, मग कंगवा. मग अर्धा इंच वर पुढचा भांग. कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला, तरच तेवढा भाग झाला. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला जास्त वेळ द्या. रोज पंधरा-वीस मिनिटं लागतात. पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात ते महिने, साधारण आठव्यापासून बाराव्यापर्यंत, सर्वांत अवघड.

गाठ असताना आंघोळ घालू नका. पाण्याने गाठ आवळते. चिकू ही आमची कुत्री. तिच्या पहिल्या पावसाळ्यात माझ्याकडून असंच झालं. भिजून आली की टॉवेलने पुसायचं आणि छातीचा पट्टा तसाच. ऑगस्टमध्ये पट्टा काढला तर खाली छातीभर जटा, आणि त्यांच्या आत लाल, ओलसर कातडी. सगळे केस मुळापासून काढावे लागले. ती दोन दिवस पलंगाखालून बाहेर आली नाही.

म्हणून मुंबईच्या पावसाळ्यासाठी केस आखूडच ठेवा, साधारण 9 मिलिमीटर. क्लिपरसोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या कंगव्यांवर मिलिमीटर लिहिलेले असतात. वेगळं मिळणारं ब्लेड घ्याल तर त्याचा आकडा जितका मोठा, तितके केस आखूड: 10 नंबर जेमतेम दीड मिलिमीटर ठेवतो. क्लिपर नेहमी धुतलेल्या, पूर्ण कोरड्या आणि विंचरलेल्या केसांवरच चालवा. दर दोन-तीन मिनिटांनी ब्लेड आपल्या मनगटाला लावून बघा. आपल्याला चटका बसला तर कुत्र्यालाही बसणार. जट कात्रीने कधीच कापू नका. कातडी जटेत ओढली गेलेली असते आणि जटेबरोबर तीही कापली जाते.

आंघोळ तीन आठवड्यांतून एकदा पुरे. शाम्पू कुत्र्यांचाच, मगभर पाण्यात पातळ करून. त्यांच्या कातडीचा सामू आपल्यापेक्षा वेगळा असतो, म्हणून घरातला शाम्पू नको. जंतुनाशक द्रव आणि टी ट्री तेलही नको. बाथरूममध्ये पायाखाली रबरी मॅट आणि मोरीच्या जाळीवर गाळणी ठेवा. केस बाल्कनीत विंचरू नका, खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात. नखातली शीर कापली गेली तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा.

साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्या कुत्र्याचे पाय लगेच धुऊन बोटांच्या मधूनही कोरडे करा. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. कानाला वास, कातडीवर गोल चट्टे किंवा सतत खाजवणं दिसलं, तर ते ग्रूमरचं काम नाही. पशुवैद्याकडे जा. परळचं 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय लांब वाटत असेल, तर त्याचा गोरेगावलाही परिसर आहे.

सुरुवात आजच, फुकटात करता येईल. कुत्रं मांडीवर घ्या आणि कानामागे बोट कातडीपर्यंत घालून बघा. बोट सहज फिरलं तर ब्रश आणि कंगवा आणा. अडकलं, तर आधी ग्रूमरची वेळ घ्या, क्लिपर नंतर.