बिजागरीच्या आधीचं दार

प्रश्न : बिजागरी नव्हती तेव्हा दार उघडायचं-मिटायचं कसं? आणि घर बांधायला लागल्यापासूनच माणूस दारं करतो आहे का?

उत्तर : दाराच्या एका कडेचं लाकूड वर आणि खाली चार बोटं जास्त ठेवायचं. खालचं टोक दगडाच्या खळग्यात टेकवायचं, वरचं चौकटीच्या भोकात अडकवायचं. सगळा भार खालच्या दगडावर येतो आणि जड दारसुद्धा हाताच्या ढकलीनं फिरतं. हजारो वर्षं जगभरची दारं अशीच फिरली.

मेसोपोटेमियात या खळग्याच्या दगडाला मोठा मान होता. तिथली जमीन गाळाची. दगड लांबून आणावा लागे. लगशचा राजा गुडिया (सुमारे इ. स. पू. २१००) याचं नाव कीलाकृती लिपीत कोरलेले असे दगड सापडले आहेत. दारं कधीच कुजून गेली, नाव राहिलं. चांगलं लाकूडही दुर्मीळच, त्यामुळे तिथल्या वारसांच्या वाटणीत भांड्याकुंड्यांबरोबर दारंही मोजलेली दिसतात. मातीच्या पाट्यांवरच्या त्या याद्या वाचताना मला फार जवळच्या वाटतात. आपल्याकडे वाडा पाडताना माणसं आधी दारं नि तुळयाच काढून ठेवतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘नाही’. तुर्कस्तानातल्या चातालह्योयुक इथं सुमारे ९००० वर्षांपूर्वीची घरं एकमेकांना खेटून उभी होती. मधे गल्ली नाही, म्हणून रस्त्यावर उघडणारं दारही नाही. माणसं धाब्यांवरून ये-जा करत, धाब्यातल्या भोकातून शिडीनं खाली उतरत. चुलीचा धूर बाहेर पडायचा तोही त्याच वाटेनं.

लाकडी दार इतकी वर्षं टिकतं ते बहुधा चिखलात. २०१० साली झुरिकच्या ऑपेरागृहाजवळ वाहनतळासाठी खोदकाम चाललेलं असताना सरोवरकाठच्या गाळात एक अखंड दार मिळालं. लाकडातल्या वार्षिक वलयांवरून त्याचा काळ इ. स. पू. ३०६३च्या आसपासचा ठरला. उंची जेमतेम दीड मीटर, म्हणजे मोठ्या माणसाला वाकूनच आत जावं लागलं असणार. पण फळ्यांचे सांधे पाहिले की त्या सुताराला दाद द्यावीशी वाटते.

खळग्यावर फिरणारं दार प्रत्यक्ष पाहायचं असेल, तर एखाद्या जुन्या वाड्यात जा. दिंडी दरवाजातून आत शिरलात की मागे वळून मोठ्या दाराच्या तळाशी, भिंतीकडच्या कोपऱ्यात पाहा.