सहावी तार : साधी की गुंडाळीची?

प्रश्न : माझ्या दहा तारांच्या पेडल स्टील गिटारवर ई-नाइन जुळणी आहे. सहावी तार साधी घ्यावी की गुंडाळीची?

उत्तर : आपला प्रश्न वरकरणी किरकोळ भासला, तरी जी शार्पच्या या एका तारेविषयी जाणत्या वादकांतही एकमत नाही; कारण हिलाच पायाची पट्टी अर्धा स्वर चढवून ए वर नेते आणि गुडघ्याची दांडी पुष्कळदा पूर्ण एक स्वर उतरवून एफ शार्पवर आणते. साध्या तारेत सगळे पोलाद ताण सोसते. गुंडाळीच्या तारेत मात्र तो भार केवळ आतल्या बारीक गाभ्यावर पडतो व वरचे वेटोळे वजनापुरतेच असते, म्हणून तेवढ्याच स्वरांतरासाठी ती अधिक ओढावी वा सैल करावी लागते, आणि कित्येक वाद्यांच्या यंत्रणेची मजल तिथवर पोचतच नाही.

नादाचा विचार केला, तर ०.०२० इंचाची साधी तार ताठर असल्याने तिचे उपस्वर किंचित चढे लागतात, ०.०२२ इंचाची गुंडाळीची तार लवचिक आणि खालच्या जाड तारांशी मिळतीजुळती वाटते, परंतु पोलादी कांडी सरकताना तिची खरखर ऐकू येते.

माझा अभिप्राय स्पष्ट आहे : पूर्ण स्वर उतरवत असाल, तर बेलाशक साधी तार घ्यावी, एरवी नादासाठी गुंडाळीची पत्करावी. तार बदलताच पट्टी व दांडी यांची जुळणी मात्र पुन्हा नव्याने करावी.