प्रश्नमंजूषेचा संघ

प्रश्न विचारून ज्ञानाची परीक्षा पाहण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारतातील यक्षाची कथा सर्वांना ठाऊक आहे. तहानेने व्याकूळ झालेल्या चार पांडवांनी यक्षाच्या प्रश्नांकडे दुर्लक्ष केले, तळ्याचे पाणी प्राशन केले आणि ते निश्चेष्ट पडले. युधिष्ठिराने मात्र तहान आवरली, प्रत्येक प्रश्न शांतपणे ऐकला आणि मगच उत्तर दिले. पुढे महाराष्ट्रात कलगी आणि तुरा या शाहिरांच्या दोन पक्षांचे सवाल-जवाब रात्र रात्र रंगू लागले. आज शाळाशाळांतून होणारी प्रश्नमंजूषा ही याच कुळातील स्पर्धा होय.

भारतात तिला आजचे स्वरूप १९६७ पासून येऊ लागले. त्या वर्षी नील ओब्रायन यांनी कलकत्त्यात खुली प्रश्नमंजूषा भरवली. १९७२ मध्ये ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ ही शालेय विद्यार्थ्यांची स्पर्धा रेडिओवर सुरू झाली. हमीद सयानी आणि त्यांच्या पश्चात त्यांचे बंधू अमीन सयानी यांचा आवाज तीमुळे घरोघरी पोहोचला. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर आला. शहरांत रुजलेली ही स्पर्धा हळूहळू खेड्यांतील शाळांपर्यंत आली.

समजा, गोंदिया जिल्ह्यातील कामठा या गावी एका माध्यमिक शाळेचा असा संघ तयार करावयाचा आहे. मार्गदर्शक शिक्षकाने आरंभ कोठून करावा?

पहिला प्रश्न निवडीचा. वर्गात पहिले येणारे चार विद्यार्थी एकत्र केले म्हणजे संघ होत नाही. एकाला इतिहासाची गोडी असावी, दुसऱ्याला तोंडी हिशेब यावेत, तिसऱ्याने पुष्कळ वाचलेले असावे. चौथी एखादी मुलगी अशी असावी, की जी वर्गात फारशी बोलत नाही, परंतु धानाच्या बांध्यांतून येताजाता जिने पक्षी, झाडे आणि पाणी नीट पाहिले आहे. चौघांचे ज्ञान निरनिराळे असले, तरच एकाचे उणे दुसरा भरून काढतो.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. खेड्यातील मुलांना वाटते, की ज्ञान म्हणजे दूरच्या शहरात, जाड पुस्तकात असलेली वस्तू. ही समजूत आधी दूर करावी लागते. वस्तुतः कामठ्याचा परिसर हाच प्रश्नांचा खजिना आहे. १८१८ साली इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे चिमणा पटेल हे कामठ्याचेच जमीनदार. जवळच्या बिरसी येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. ज्या जिल्ह्यात हे गाव आहे, तो गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. यांतील प्रत्येक गोष्टीतून जगाच्या इतिहास-भूगोलाकडे वाट जाते.

ती वाट कशी शोधावी, याचे एक उदाहरण पाहू. ‘कामठ्याच्या शेतातून वाहून जाणारे पावसाचे पाणी शेवटी कोणत्या समुद्रास मिळते?’ असे कोणी विचारले, तर पुष्कळ मुले ‘अरबी समुद्र’ म्हणतील. कारण महाराष्ट्राच्या नकाशात तोच दिसतो. परंतु ज्याने नकाशावर बोट ठेवून नदीचा माग काढला आहे, तो चुकणार नाही. हे पाणी वैनगंगेस मिळते. वैनगंगा आणि वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. हे उत्तर पाठ करावे लागत नाही; ते विचाराने काढता येते. म्हणून चांगला मार्गदर्शक उत्तरांच्या याद्या पाठ करून घेत नाही. तो प्रत्येकास एक वही करावयास सांगतो. तीत रोज स्वतः शोधलेला एक प्रश्न लिहावयाचा, त्याचे उत्तर दोन ठिकाणी पडताळून पाहावयाचे आणि ‘हे असे का?’ हेही त्याखाली लिहावयाचे. जो प्रश्न तयार करू शकतो, त्याला दुसऱ्याच्या प्रश्नाची भीती वाटत नाही.

यानंतर सराव. स्पर्धेत काही फेऱ्यांमध्ये जो संघ आधी घंटी वाजवील, त्याला उत्तराची संधी मिळते. उत्तर चुकल्यास कित्येकदा गुण कापले जातात. येथे घाई घात करते. ‘जगातील सर्वांत उंच पक्षी शहामृग आहे,’ असे प्रश्नकर्ता म्हणू लागताच एखादा मुलगा घंटी वाजवतो आणि पुढचे काहीतरी ताडून बोलून जातो. प्रश्न मात्र पुढे असा असतो : ‘परंतु उडू शकणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच कोणता?’ उत्तर आहे सारस. महाराष्ट्रात सारस प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच आढळतो. ती अबोल मुलगी त्याला रोज पाहत असेल. पण तिचे कोणी विचारले नाही, तर तिचे ज्ञान मनातच राहील. संघनायकाचे काम स्वतः बोलण्याआधी तिघांचे ऐकणे हे आहे, आणि ज्याला ठाऊक आहे त्याचे काम संकोच सोडून सांगणे हे आहे.

स्पर्धेच्या दिवशी मार्गदर्शकाचे कर्तव्य सर्वांत अवघड असते. त्याला स्वस्थ बसावयाचे असते. विद्यार्थी अडखळत आहेत, उत्तर आपल्या ओठांवर आहे, तरीही एक शब्द, एक खूणसुद्धा करावयाची नाही. डोळ्यांनी सुचवलेले उत्तर ही चोरीच होय. तसेच चुकून आपल्या संघास अधिक गुण दिले गेले, तर उभे राहून ते सांगावे. याने एखादी स्पर्धा हातची जाईल. पण असा संघ हरूनही ताठ मानेने गावी परततो. यक्षाने एकाच भावाला जिवंत करण्याचा वर दिला, तेव्हा युधिष्ठिराने माद्रीपुत्र नकुलाचे नाव घेतले, हे विसरू नये. तेथे ज्ञानाची परीक्षा न्यायबुद्धीच्या परीक्षेने पूर्ण झाली.

‘मला ठाऊक नाही,’ हे म्हणण्यासही धैर्य लागते. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथे शाळेतील मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या श्रीमती बबिता ताडे यांनी २०१९ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमात १ कोटी रुपये जिंकले. पुढचा प्रश्न ७ कोटींचा होता. त्याच्या उत्तराची खात्री नसल्याने त्या तेथेच थांबल्या. आपण काय जाणतो हे त्यांना जसे माहीत होते, तसेच आपण काय जाणत नाही हेही माहीत होते.

स्पर्धा संपते, टाळ्या विरतात. एकच संघ जिंकतो. बाकीचे रिकाम्या हाताने परततात असे दिसते. परंतु ज्या प्रश्नांची उत्तरे आली नाहीत, ते प्रश्न त्यांच्यासोबत असतात. दुसऱ्या दिवशी वही उघडावी आणि त्या प्रश्नांपासूनच पुन्हा आरंभ करावा.

स्वाध्याय

१. संघात निरनिराळ्या आवडीचे विद्यार्थी का असावेत?
२. ‘जो प्रश्न तयार करू शकतो, त्याला दुसऱ्याच्या प्रश्नाची भीती वाटत नाही,’ या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. तुमच्या गावातील पावसाचे पाणी कोणत्या समुद्रास मिळते, ते नकाशाच्या साहाय्याने शोधा.
४. तुमच्या गावाविषयी पाच प्रश्न तयार करा. प्रत्येकाचे उत्तर दोन ठिकाणी पडताळून लिहा.