गृहिणीने स्वहस्ते बांधावयाचे खुराडे

खेड्यापाड्यांतून कोंबड्या पाळण्याचे काम बहुधा स्त्रियांकडेच असते. पिले वाढविणे, दाणे टाकणे, तिन्हीसांजेला कोंबड्या डालग्याखाली झाकणे व अंडी विकणे ही सर्व कामे त्याच करतात. अंड्यांचा व तलंगांचा पैसाही बहुतेक घरी गृहिणीच्याच हाती राहतो. मीठमिरची, मुलांच्या वह्या आणि अडीअडचणीचे औषधपाणी त्यातून भागते. म्हणून एका रात्री मुंगूस किंवा रानमांजर डालगे उलथून चार कोंबड्या मारून गेले, की ते नुकसान घरातील दुसऱ्या कोणाचे नसून तिचेच असते.

हे टाळण्यास पक्के खुराडे हवे, ही गोष्ट कोणासही सांगावी लागत नाही. अडते ते सुतारापाशी. पेरणीच्या व सुगीच्या दिवसांत त्यास अवजारांच्या कामातून सवड नसते, आणि सवड मिळाली तरी खुराड्यासारखे किरकोळ काम मागे पडते. बाजारात तयार पत्र्याची खुराडी मिळतात खरी. परंतु उन्हाळ्यात ती तव्यासारखी तापतात व एकदा गंजली की घरी दुरुस्त होत नाहीत. वास्तविक दहा कोंबड्यांचे खुराडे हे नवशिक्या हातालाही झेपणारे सुतारकाम आहे. चूल मांडणे, ओटा घालणे, कूड लिंपणे ही बांधकामेच आहेत व ती पिढ्यानुपिढ्या स्त्रियाच करीत आल्या आहेत. त्यात करवत आणि हातोडी यांची भर पडावयाची, एवढेच.

माप व लाकूड

केवळ रात्रीच्या निवाऱ्यासाठी एका कोंबडीस सुमारे एक चौरस फूट जागा पुरते. चार फूट लांब व तीन फूट रुंद खुराड्यात दहा कोंबड्या सुखाने राहतात. लाकडाच्या वखारीत व लोखंडी सामानाच्या दुकानात अद्याप फूट आणि इंच हीच भाषा चालते, म्हणून मापे त्यातच धरणे सोयीचे.

दोन इंच बाय दोन इंच जाडीच्या सरळ रिपा घ्याव्यात. एक चौकट तळाची व एक माथ्याची अशा चार फूट बाय तीन फुटांच्या दोन चौकटी करावयाच्या. त्यांना चार फुटांचे चार व तीन फुटांचे चार तुकडे लागतात. पुढचे दोन खांब पाच फुटांचे व मागचे दोन साडेचार फुटांचे असावेत. जमिनीपासून दोन फुटांवर तळाची चौकट, तिच्यावर अडीच फुटांवर माथ्याची चौकट, आणि पुढचे खांब त्याहूनही सहा इंच वर. या सहा इंचांमुळे छपरास मागे उतार मिळतो व पुढच्या बाजूस हवा खेळण्यास झरोका राहतो. खांब व रिपा मिळून सुमारे सत्तेचाळीस फूट लाकूड लागेल. दार, दांड्या व छपराचे वासे यांचे लाकूड वेगळे.

आंब्याचे लाकूड स्वस्त व कापण्यास मऊ, पण त्यास वाळवी व भुंगा लवकर लागतो. कडुनिंब अधिक टिकतो. बाभूळ चिवट व बळकट खरी. परंतु तिच्यावर करवत शिकू पाहणारीचे मन पहिल्याच दिवशी खचेल. लाकूड कोणतेही असो, ते वाळलेले असावे. ओल्या लाकडाचा सांधा आज घट्ट बसतो आणि उन्हाळ्यात त्यात बोट शिरेल एवढी फट पडते.

हत्यारे व बैठक

करवत, हातोडी, पाऊण इंची पटाशी, गिरमिट, गुण्या, मोजपट्टी व पक्कड एवढ्यावर काम भागते. बचत गटाने ही हत्यारे सामाईक घेतली तर एकीवर खर्चाचा भार पडत नाही. करवत विकत घेताना तिचे दात कोणीकडे झुकले आहेत ते पाहून घ्यावे. पुढे झुकलेल्या दातांची करवत ढकलताना कापते व मुठीकडे झुकलेल्या दातांची ओढताना. हे न कळल्यामुळे पुष्कळजणी उलट दिशेस जोर लावतात, करवत अडकते आणि दोष मात्र आपल्या मनगटास देतात.

उभ्याने काम करण्याचा आग्रह धरू नये. आपल्याकडील सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबून धरतो. विळीच्या पाटावर पाय ठेवून भाजी चिरणाऱ्या स्त्रीस ही बैठक नवी नाही. फक्त पदर व पायघोळ नेसू आवरून घ्यावे, आणि लाकूड दाबणारा पाय करवतीच्या रेषेपासून वीतभर दूर ठेवावा.

पहिला दिवस टाकाऊ लाकडावरच घालवावा. गुण्या लावून लाकडाच्या चारी अंगांवर रेघ ओढावी, अंगठ्याच्या पेराचा आधार देऊन दोनतीन हलके ओढे घ्यावेत, खाच पडली की मग पूर्ण लांबीचा हात चालवावा. करवत रेघेवर न चालविता टाकाऊ बाजूने रेघेस लागून चालवावी. नाहीतर प्रत्येक तुकडा करवतीच्या जाडीइतका आखूड भरतो. दहाबारा काप सरळ आले, की चांगल्या लाकडास हात घालण्यास हरकत नाही.

चार फुटांचा पहिला तुकडा नीट मोजून कापल्यावर बाकीचे तीनही त्याच पहिल्या तुकड्यावर ठेवून आखावेत. दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा असे आखल्यास चूक वाढत जाते व चौथा तुकडा भलताच निघतो.

दोरीचा काटकोन

कोपऱ्याचा सांधा सोपा आहे. दोन्ही रिपांच्या टोकांची अर्धी जाडी, म्हणजे एक एक इंच, पटाशीने काढावी व एकीवर दुसरी बसवावी. पटाशी मारण्यापूर्वी खाचेच्या दोन्ही हद्दी करवतीने इंचभर खोल कापून घेतल्या म्हणजे नको तेवढे लाकूड उडत नाही. सांधा बसला की लगेच खिळे ठोकू नयेत. आधी चौकट काटकोनात आहे की नाही ते पाहावे.

येथे खुराड्याचे माप फार उपयोगी पडते. ज्या चौकटीची एक बाजू तीन फूट व दुसरी चार फूट, तिचा कर्ण काटकोन बरोबर असता नेमका पाच फूट येतो. एका दोरीस पाच फुटांवर गाठ मारावी व चौकटीच्या बाहेरच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणावी. गाठ कोपऱ्यावर आली तर चौकट सरळ. अलीकडे पडली किंवा कोपरा ओलांडून गेली तर चौकट कललेली. मग लांब पडणाऱ्या कर्णाच्या कोपऱ्यावर हातोडीने हलके ठोकून ती सरळ करावी व दुसरा कर्णही तपासावा. जिला अक्षरओळख नाही तिलाही हा काटकोन गवंड्याइतका बिनचूक साधतो.

त्यानंतरच प्रत्येक कोपऱ्यात दोन दोन खिळे मारावेत. येथे लाकडाची एकूण जाडी दोन इंच आहे, म्हणून पावणेदोन इंची खिळा घ्यावा. तो पलीकडे निघत नाही. रिपेच्या टोकाशी खिळा मारला की लाकूड फुटते, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. त्यावर उपाय म्हणजे गिरमिटाने खिळ्याहून बारीक भोक आधी पाडणे. पातळ पट्टी जाड लाकडावर ठोकताना खिळा पट्टीच्या जाडीच्या तिप्पट लांब असावा व नेहमी पट्टीतून जाड लाकडात जावा. खांबांना चौकटी मात्र साडेचार इंची बोल्टांनी आवळाव्यात. खिळे हलून सैल होतात. बोल्ट पुन्हा आवळता येतो, व खुराडे हलवावयाचे झाल्यास सुटाही करता येतो.

दार

खुराडे मोडते ते बहुधा भिंतीशी नव्हे, दाराशी. मुंगूस जाळी कुरतडीत बसत नाही. ते चारी बाजूंनी फिरून फट शोधते, व जेथून त्याचे डोके शिरते तेथून त्याचे लवचिक अंगही शिरते. दार मधोमध एका कडीने लावलेले असेल तर त्याचा खालचा कोपरा कुत्रे पंजाने सहज ओढते. म्हणून दारासाठी निम्मा वेळ राखून ठेवावा.

पुढच्या बाजूस दोन दारे असावीत. मोठे दार साफसफाईसाठी, सुमारे दोन फूट लांबीरुंदीचे व बिजागरीचे. लहान दार कोंबड्यांच्या ये-जा करण्याचे, सुमारे फूटभर उंचीचे व वरखाली सरकणारे. मोठ्या दाराच्या चौकटीत एक तिरपी पट्टी घालावी लागते. ती बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे जावी. उलटी बसविल्यास ती दाराचा भार पेलीत नाही व महिन्याभरात दार खाली घासू लागते. दाराभोवती आतून एक पट्टी ठोकावी, म्हणजे दार तिच्यावर येऊन टेकते व फट झाकली जाते. कडी वर एक व खाली एक अशा दोन असाव्यात, आणि कोयंड्यात खिटी घालण्यास विसरू नये.

सरकत्या दाराच्या खाचा खालून मोकळ्या ठेवाव्यात. त्या बंद ठेवल्यास विष्ठा व कोंडा साचतो, दार दोन बोटे वरच राहते आणि तिन्हीसांजेच्या अंधारात ते कोणाच्या लक्षात येत नाही.

जाळी, तळ व दांड्या

मुरगी-जाळी म्हणून विकली जाणारी एक इंची षट्कोनी जाळी कोंबडीस आत ठेवते. उंदीर व बारीक सापास बाहेर ठेवीत नाही. अर्धा इंची चौकोनी जोडजाळी थोडी महाग पडते, पण तळ, झरोका व पुढची बाजू यांस तीच लावावी. छपराच्या उतारामुळे दोन्ही कडांना राहणारे त्रिकोणही जाळीने बंद करावेत. मागची व बाजूंची भिंत बांबूच्या तट्ट्याची चालेल, मात्र आतून जाळी हवीच. आपल्याकडे पावसाळी वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून खुराड्याचे तोंड पूर्वेस ठेवावे व छप्पर चारी बाजूंनी नऊ इंच पुढे काढावे.

बसण्याच्या दांड्या दोन, चार चार फुटांच्या, एकमेकींपासून व मागच्या भिंतीपासून फूटभर अंतरावर. दोन्ही एकाच उंचीवर असाव्यात. एक उंच केली की सर्व कोंबड्या तिच्यासाठीच भांडतात. बंगळूरची गिरिराज किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज या जाती अंगाने जड असतात. त्यांच्यासाठी दांडी फूटभर उंचीवरच असावी व दारास शिडी लावावी. दांड्या खिळ्यांनी न ठोकता खोबणीत नुसत्या ठेवाव्यात.

याचे कारण गोचीड. कोंबडीची गोचीड दिवसा लाकडाच्या फटीत दडून बसते व रात्री बाहेर पडून रक्त पिते. अन्नावाचून ती कित्येक महिने तग धरते. कोंबड्या कारणावाचून वाळू लागल्या व अंडी घटली तर दांडीची टोके व सांधे उलगडून पाहावेत. घट्ट सांधा हा मुंगसाइतकाच गोचिडीवरचाही उपाय होय. राहिलेल्या फटी चुन्याच्या घट्ट लगद्याने बुजवाव्यात, आतून चुन्याची सफेती द्यावी आणि दर पंधरा दिवसांनी दांड्या काढून कडक उन्हात टाकाव्यात. खांबांखाली दगड ठेवावेत, म्हणजे ओल व वाळवी वर चढत नाही.

सवड काढून काम केल्यास दोघींना आठवड्याभरात हे खुराडे उभे करता येते. पिलांची मागणी मात्र आधीच नोंदवून ठेवावी. पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची चौकशी होते.

कोंबड्या आत सोडण्यापूर्वी एक परीक्षा करावी. काळोख पडल्यावर पेटती विजेरी खुराड्यात ठेवून दोन्ही दारे लावावीत व बाहेरून भोवती फिरावे, मागील बाजूस व तळाशी वाकून पाहावे. जाळीखेरीज जेथून अर्ध्या इंचाहून रुंद उजेड बाहेर येईल, तेथे कोळशाने खूण करावी. दुसऱ्या दिवशी त्या खुणांवर पट्ट्या ठोकाव्यात, रात्री पुन्हा विजेरी लावून पाहावे, आणि मगच कोंबड्या आत घ्याव्यात.