दाढेचा गाभा

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. २०१७ साली तेथील कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. बोंड बाहेरून हिरवेगार दिसे. परंतु फोडून पाहिले, तर आतील सरकी व कापूस पोखरलेला असे. आपल्या दाढेचेही कित्येकदा असेच होते.

‘दात किडला’ असे आपण म्हणतो. पण दातात अळी मात्र नसते. तोंडात सूक्ष्म जंतू असतात. दातांच्या फटींत अडकलेली साखर, गूळ व पिठूळ अन्न हे त्यांचे खाद्य होय. त्यापासून ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कवच झिजू लागते. हे कवच आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. तरीही मोडलेले हाड सांधते, पण कवचाला पडलेला खड्डा आपोआप भरून येत नाही. शिवाय कवचाला संवेदना नसल्यामुळे आरंभी काहीच दुखत नाही.

दाताच्या मध्यभागी मऊ गाभा असतो. त्यातील रक्तवाहिन्या व मज्जातंतू मुळांतील बारीक नळ्यांतून जबड्याशी जोडलेले असतात. जंतू तेथवर पोहोचले की गाभा सुजतो. भोवती कठीण भिंती असल्याने सुजेला जागा मिळत नाही. म्हणून दाढ ठणकू लागते. लवंगेच्या तेलाने कळ घटकाभर थांबते. रोग जात नाही.

पूर्वी अशी दाढ बहुधा उपटावी लागे. आता दंतवैद्य ती जागा बधिर करतात, दाढेला वरून छिद्र पाडतात आणि सुईसारख्या बारीक कानशींनी नळ्यांतील रोगट गाभा काढतात. नळ्या औषधाने धुऊन त्यांत गटापर्चा हा झाडाच्या चिकापासून केलेला पदार्थ भरतात व वर बहुधा टोपी बसवतात. यालाच रूट कॅनाल उपचार म्हणतात. त्यामुळे दाढ वाचते. पण तिचा जिवंत गाभा परत येत नाही.

मुलांनो, सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे येणारी दाढ कायमची असते. ती गेली, तर दुसरी उगवत नाही. म्हणून सकाळी व विशेषतः निजण्यापूर्वी दात घासा. गोड खाल्ल्यावर खळखळून चूळ भरा. दाढेवर काळा ठिपका दिसला, तर ठणक लागण्याची वाट न पाहता वडीलधाऱ्यांना सांगा. आज लहानसा खड्डा बुजवून जे काम भागते, त्यासाठी उद्या मुळापर्यंत जावे लागते.