चीन व रशिया : मैत्रीमागील अर्थकारण

दोन राष्ट्रांची विचारसरणी एक असली की त्यांची मैत्री टिकते, असा एक समज आहे. चीन व रशिया यांचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज किती अपुरा आहे ते कळते.

१४ फेब्रुवारी १९५० रोजी मॉस्कोत चीन व सोव्हिएत संघ यांचा मैत्रीचा करार झाला. सोव्हिएत संघाने चीनला ३० कोटी डॉलरचे कर्ज अवघ्या १ टक्का व्याजाने दिले. पुढे पोलाद, वीज, यंत्रे इत्यादींचे १५६ प्रकल्प सोव्हिएत साहाय्याने ठरले. परंतु माओ व ख्रुश्चेव्ह यांच्यातील मतभेद विकोपाला गेले आणि १९६० साली सोव्हिएत तज्ज्ञ माघारी बोलावण्यात आले. अनेक कामे अर्धवट राहिली. मार्च १९६९ मध्ये तर उसुरी नदीतील एका बेटावरून दोन्ही सैन्यांत रक्तपात झाला. तेव्हा दोन्ही देश साम्यवादीच होते!

मे १९८९ मध्ये गोर्बाचेव्ह बीजिंगला गेले व संबंध सुरळीत झाले. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला, रशियाने साम्यवाद सोडला. तरीही जवळीक वाढतच गेली. २००१ मध्ये नवा मैत्री करार झाला, २००८ पर्यंत सीमावाद मिटला. २०१४ मध्ये ३० वर्षे नैसर्गिक वायू पुरविण्याचा करार झाला आणि २०१९ च्या डिसेंबरात सायबेरियातून वायूवाहिनी सुरू झाली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. पाश्चात्त्य राष्ट्रांनी निर्बंध लादले. मग रशियाचे तेल चीनकडे आणि चीनच्या मोटारी व यंत्रे रशियाकडे अधिकच जाऊ लागली. २०२३ मध्ये हा व्यापार सुमारे २४० अब्ज डॉलरवर पोहोचला. मात्र रशियाच्या परदेशी व्यापारात चीनचा वाटा सुमारे एक तृतीयांश, तर चीनच्या व्यापारात रशियाचा वाटा जेमतेम ४ टक्के होता.

चीनलाही खुष्कीच्या मार्गाने येणारे इंधन हवे आहे, हे खरे. पण गरजेचे पारडे आज रशियाच्या बाजूला झुकले आहे. एकाच दारावर विसंबण्याची किंमत चीनने १९६० साली मोजली होती. तेव्हा ते दार बंद करणारा सोव्हिएत संघच होता, ही गोष्ट आज मॉस्कोने विसरून चालणार नाही.